साडेदहा ते अडीच

आमच्या मामंजींची स्मरणशक्ती डॉक्टरांनी पहिल्यांदा तपासली, त्या दिवशी त्यांनी दिलेली निदान दोन उत्तरे त्यांच्या परीने बरोबर होती आणि तरीही त्यांचे गुण गेले. जून संपत आला होता. बेळगावच्या शहापूर भागातून रिक्षाने दवाखान्यात पोहोचेपर्यंत आम्ही दोघेही भिजलो होतो आणि पत्र्यावर पावसाचा आवाज एवढा होता की डॉक्टरांना प्रत्येक प्रश्न दोनदा विचारावा लागत होता. "सध्या कोणता महिना चालू आहे?" यावर मामंजींनी खिडकीबाहेर पाहिले, थोडा वेळ पाऊस ऐकला आणि सांगितले, "आर्द्रा लागलंय की." पुढचा प्रश्न होता, आपण कोणत्या राज्यात आहोत. "मुंबई राज्यात," ते म्हणाले, आणि विचारणाऱ्याला एवढेही ठाऊक नसावे याचे त्यांना नवल वाटलेले दिसले.

आर्द्रा खरोखरच लागले होते. राज्याचे म्हणाल, तर मामंजींचा जन्म १९४१ चा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते आणि मागावर बसू लागून त्यांना दोन वर्षे झाली होती. पुढे १९७३ मध्ये म्हैसूरचे कर्नाटक झाले आणि २०१४ मध्ये बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले. घर आणि गल्ली जागच्या जागी राहून पत्ता तीनदा बदललेल्या माणसाला हा प्रश्न विचारला, तर त्याच्या मनात सर्वांत खाली जे नाव बसले असेल तेच वर येणार, कारण या आजारात नवे आधी पुसले जाते आणि जुने मागे राहते.

ही तीस गुणांची तपासणी १९७५ साली अमेरिकेत तयार झाली. महिना, वार, राज्य, गाव विचारणे, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगणे, शंभरातून सात-सात वजा करायला लावणे, एक वाक्य लिहून घेणे, असे तिचे स्वरूप आहे. निरक्षर माणसाचे यात विनाकारण नुकसान होते, म्हणून १९९५ मध्ये हरियाणातील बल्लभगडच्या ग्रामीण भागासाठी तिचा हिंदी अवतार निघाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने भारतीय भाषांमध्ये चाचण्यांचा एक संच तयार करवून घेतला. त्याच्या पहिल्या पाच भाषा हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या होत्या. आमच्या डॉक्टरांनी छापील कागद बाजूला ठेवून सगळे प्रश्न आपणहून मराठीत विचारले, हा त्यांचा चांगुलपणा. मामंजींना तीसपैकी तेरा गुण मिळाले. ते दोन गुण धरले असते तरी निदान बदलले नसते, हेही येथेच सांगून टाकते.

निदानाआधीची दोन वर्षे आम्ही वयाच्या खात्यावर टाकली होती. साठी बुद्धी नाठी हे आपल्याकडे इतक्या सहज म्हटले जाते की एकोणऐंशीव्या वर्षी माणूस भरलेले वीजबिल पुन्हा भरायला निघाला तरी कोणी चमकत नाही. आम्ही चमकलो ते मामंजी नाथ पै चौकात वाट चुकले तेव्हा, कारण वडगावहून शहापूरला येणारा तो रस्ता त्यांच्या पायांनी साठ वर्षे तुडवलेला होता. त्या वेळी ते एक्क्याऐंशी वर्षांचे होते. डॉक्टरांनी आधी रक्त तपासून घेतले, कारण बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉइडचे दुखणे असेल तर विसराळूपणा बऱ्याच अंशी सुधारू शकतो. मेंदूचा स्कॅन काढला, कारण म्हातारपणी डोक्याला लागलेल्या किरकोळ मारानेही आत रक्त साकळून असाच गोंधळ होऊ शकतो. ज्यांच्या घरी असे माणूस आहे त्यांनी एवढे तरी करून घ्यावे असे मला मनापासून वाटते. आमच्याकडे यातले काहीच निघाले नाही. अल्झायमर आणि त्याच्या जोडीला मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे दुखणे, असा मिश्र प्रकार निघाला. गोळ्या सुरू झाल्या आणि त्या आजार थांबवत नाहीत, हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले.

देशभरात साठीच्या पुढच्या दर शंभर माणसांपैकी सातांहून अधिक, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीचा अंदाज आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण जास्त आढळले. केरळात १९९२ पासून या रुग्णांसाठी राष्ट्रीय पातळीवरची संघटना काम करते आहे, बंगळूरमध्ये दिवसभर सांभाळणारी केंद्रे आहेत. पण बंगळूर आमच्यापासून पाचशे किलोमीटरवर आहे. आमच्या भागातली माणसे औषधासाठी धारवाडला जातात, चिकोडी-निपाणीकडची मिरजेला किंवा कोल्हापूरला जातात, आणि औषध घेऊन सगळी घरीच परत येतात. पुढचे सगळे घरात होते. घरात म्हणजे बहुतेक वेळा सुनेकडून होते.

मी एका पतसंस्थेत सव्वीस वर्षे खतावणी लिहिली. मामंजींसाठी नोकरी सोडली तरी हिशेबाची सवय सुटली नाही, म्हणून एका जुन्या डायरीत मी तास मांडत गेले. ती पाने आता उघडली तर अशी दिसतात: रात्री साडेअकरा ते दोन झोप. दोन ते चार उठबस, दार उघडण्याचा हट्ट. चार ते सव्वापाच झोप. सकाळी अंघोळीला दीड तास, त्यात एक तास समजूत. दिवेलागणीपासून साडेआठपर्यंत "घरी जायचंय" हे एकच. आपल्याच घरात, आपल्याच पलंगावर बसून माणूस घरी जायचा धोशा लावतो तेव्हा पहिल्यांदा अंगावर काटा येतो, दहाव्यांदा राग येतो आणि शंभराव्यांदा काहीच येत नाही. मला त्या काहीच न येण्याची भीती वाटू लागली. पहिल्या चार महिन्यांत सलग तीन तासांच्या वर झोप एकाही रात्री नोंदलेली नाही. हे दाखवून मी नवऱ्याला म्हणाले की मला डॉक्टर नको, औषध नको, दिवसाचे चार तास हवेत. त्यांनी एक बाई ठेवून पाहिली, ती नवव्या दिवशी गेली.

तास मिळाले ते आमच्यासारख्याच दुसऱ्या घरामुळे. मागच्या गल्लीत एक काकू राहतात, त्यांचे यजमान मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि आता त्यांना आपली निवृत्ती आठवत नाही. एके दिवशी काकूंना दात दाखवायला जायचे होते, त्यांनी सुभेदारांना दोन तास आमच्याकडे आणून बसवले, आणि दोघे म्हातारे ओट्यावर शेजारी शेजारी बसून आपापले वेगळे बोलत राहिले. कोणी कोणाचे ऐकत नव्हते. पण दोघेही त्या दोन तासांत एकदाही उठले नाहीत. पुढच्या आठवड्यात माझी पाळी आली. मग वडगावातले एक घर जोडले गेले, खासबागेतली दोन. गल्लीच्या मंडळाचा हॉल गणपती आणि शिवजयंतीच्या चित्ररथाची तयारी सोडली तर वर्षभर बंदच असतो. तो मंगळवार, गुरुवार आणि शनिवार साडेदहा ते अडीच आम्हाला मिळाला. भाडे नाही, वीजबिल आमचे. आज आठ आजी-आजोबा येतात. एक पुरुष मदतनीस आणि एक ताई पगारी आहेत, आणि प्रत्येक घरातले एक माणूस पंधरवड्यातून एकदा पाळीने थांबते. बाकीच्यांनी त्या वेळात तेथे थांबू नये, असा नियमच केला आहे. सुरुवातीला बायका हॉलच्या दारात घुटमळत राहायच्या आणि त्यांना जबरदस्तीने घरी झोपायला पाठवावे लागायचे.

हे सुरू करताना सर्वांत मोठी अडचण पैशाची नव्हती. "म्हाताऱ्याला आश्रमात टाकलं" हे वाक्य आमच्या दारापर्यंत यायला तीन दिवसही लागले नाहीत. आमच्याकडे सांभाळ म्हटला की एक तर घर किंवा वृद्धाश्रम, मधले काही डोळ्यांसमोर येत नाही. २००७ च्या आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यातही मुलांची पोषणाची जबाबदारी आहे, दर जिल्ह्यात निराधारांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद आहे. दुपारच्या चार तासांची नाही. नणंदेने फोनवर मला दोन महिने सुनावले. तिसऱ्या महिन्यात ती माहेरपणाला आली, आठ दिवस वडिलांजवळ रात्री झोपली आणि जाताना हॉलसाठी दोन सतरंज्या घेऊन दिल्या. तिला मी काही बोलले नाही. मला तेवढी सवड होती, कारण त्या आठवड्यात मी झोपले होते.

हॉलमध्ये उपचार म्हणावे असे काही होत नाही. शेंगा सोलणे, तांदूळ निवडणे, वर्तमानपत्राची घडी घालणे, भजन, आणि पाढे. पाढ्यांची कल्पना कोणाची म्हणून नव्हती. एक आजोबा, जे पूर्वी किराणा दुकान चालवत, त्यांनी एकदा आपणहून पावकी सुरू केली आणि ज्यांना सकाळी काय खाल्ले हे सांगता येत नव्हते असे तिघे त्यांच्या मागोमाग निमकी संपवून दिडकीपर्यंत गेले. मी स्वतः हिशेबातली असून मला दिडकी येत नाही. जेवण प्रत्येकाचे घरून येते, कारण कोणाला मीठ चालत नाही, कोणाला गिळायला त्रास होतो आणि कोणाचा सोवळ्याचा आग्रह आजारातही टिकून आहे. दर दोन तासांनी प्रत्येकाला न विचारता शौचालयाकडे न्यायचे असते, "जायचंय का?" असे विचारले तर उत्तर नाही असेच येते आणि पाच मिनिटांत कपडे बदलावे लागतात. प्रत्येकाच्या पिशवीत कपड्यांचा जादा जोड आणि गळ्यात घरच्या फोनचे कार्ड असते. रिक्षावाला एकच ठेवला आहे. तो बदलला तर मामंजी पायरीवरून हलत नाहीत.

दाराची कडी आम्ही वर, नेहमीच्या जागेपेक्षा हातभर उंच बसवली आहे, त्यामागे एक प्रसंग आहे. सुभेदार रोज आल्यावर गिनती करतात. सगळ्यांना बोटाने मोजतात आणि मदतनिसाला आकडा सांगतात. सैन्यातली सवय म्हणून आम्ही त्याकडे कौतुकानेच पाहत असू. मागच्या श्रावणात एका गुरुवारी ते सारखे "एक कम, एक कम" म्हणू लागले. त्या दिवशी पाळी माझी होती. मी त्यांना चहा दिला, बसवले, विषय बदलला, आणि ते पुन्हा उठून तेच म्हणाले तेव्हा कुठे मी स्वतः मोजले. किराणावाले आजोबा नव्हते. ते वीस मिनिटांनी जुन्या दुकानाच्या दिशेने, बाजाराच्या रस्त्यावर सापडले, पावसात, एका पायात चप्पल नसलेले. त्यांच्या मुलाने मला एक शब्दही विचारला नाही, पण पुढचे दोन आठवडे आजोबांना पाठवले नाही. चूक माझी होती. गिनती आता वहीत लिहिली जाते आणि सुभेदार तिच्यावर सही करतात.

भाषेचा प्रश्न आम्हाला आधी सुचला नव्हता. आमच्याकडे येणाऱ्या एक आजी बैलहोंगलकडच्या. साठ वर्षांपूर्वी लग्न होऊन वडगावातल्या मराठी घरात आल्या, मराठी शिकल्या, एवढ्या की शेजारणींना त्यांचे माहेर कानडी आहे हे ठाऊकही नव्हते. गेल्या दोन वर्षांत त्यांची मराठी गेली आणि लहानपणची कन्नड तेवढी राहिली. सून चंदगडची, तिला कन्नड येत नाही, त्यामुळे घरात आजींना पाणी हवे की शाल हवी हे शाळेत कन्नड शिकणारा नातू परत येईपर्यंत कळत नसे. आजींचे दिवसभरात एकच वाक्य ठरलेले असते, "ऊट आतेन्री?", म्हणजे जेवण झाले का. हॉलमध्ये त्या ते प्रत्येकाला विचारतात, आणि बेळगावात वाढलेल्या कोणालाही याचे उत्तर द्यायला कन्नड शिकावी लागत नाही. "आत्री," सगळे म्हणतात. मामंजीही म्हणतात. घरी मागच्या जेवणाला पानात काय वाढले होते हे त्यांना आठवत नसते, पण हे जमते. २०१३ मध्ये हैदराबादच्या एका रुग्णालयातील ६४८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्यात दोन भाषा बोलणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाची लक्षणे एक भाषा बोलणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसली, निरक्षरांमध्येसुद्धा फरक दिसला, असे म्हटले आहे. दोन भाषांवरून आयुष्यभर वाद घालणाऱ्या आमच्या गावाला हे कोणीतरी चौकात उभे राहून सांगायला हवे.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आम्ही घरची माणसे अडीचनंतर अर्धा तास थांबतो. तेथे मला डॉक्टरांकडे मिळाले नाही असे पुष्कळ मिळाले. अंघोळ सकाळीच हवी असे नाही, दुपारच्या उन्हात पाणी तापवून घातली तर भांडण होत नाही. आरशात कोणीतरी परका माणूस दिसतो म्हणून रडणाऱ्या आजींच्या घरी आरशावर पंचा टाकला आणि रडणे थांबले. दिवेलागणीला "हेच आपलं घर" असे पटवण्याऐवजी "चला, चप्पल घाला" म्हणून गल्लीचा एक फेरा मारून परत आणले की निम्म्या वेळा काम भागते. आणि पाहुण्यांना दारातच सांगायचे, की "मला ओळखलंत काय?" हा प्रश्न विचारू नका. येणारा प्रत्येक जण नेमका तोच विचारतो, वर "सांगा बघू मी कोण" म्हणून समोर बसतो, आणि न ओळखल्याबद्दल त्या म्हाताऱ्या माणसाचा चेहरा कसा उतरतो हे त्याला दिसत नाही. आपली ओळख आपणच सांगून नमस्कार करायला किती वेळ लागतो? ज्या घरांत रात्री फार बिकट होते त्यांना आम्ही सरकारी दूरध्वनी सेवांचे क्रमांक लिहून दिले आहेत, मानसिक आरोग्यासाठी १४४१६ आणि ज्येष्ठांसाठी १४५६७. दोन्ही निःशुल्क आहेत.

सगळ्यांना हे जमते असेही नाही. आधी येणाऱ्यांपैकी दोघांनी आता अंथरूण धरले आहे आणि त्यांच्या घरी चार तासांनी काही भागत नाही. आठवड्यातून एकदा कोणीतरी जाऊन बसते, एवढेच आमच्याने होते.

मामंजींच्या मजुरीचे लिहायचे राहिले. हॉल सुरू झाल्यावर दुसऱ्या महिन्यात मी घरातून सुताच्या चार लडी नेल्या. नुसत्या हातात दिल्या असत्या तर त्यांनी बाजूला ठेवल्या असत्या, म्हणून काकूंनी दोन्ही हातांवर एक लड धरली आणि मामंजींसमोर बसल्या. त्यांनी टोक शोधले, अंगठा आणि पहिले बोट यांच्यामधून सूत सरकवत गुंडाळायला लागले, मध्येच थांबले, मागे गेले. धागा तुटलेला होता, मला तो दिसलाही नव्हता. त्यांनी दोन टोके एकमेकांवर आडवी ठेवली, नखाने दाबली, एक वळसा घेतला आणि ओढली. गाठ एवढी बारीक बसली की बोट फिरवल्याखेरीज कळेना. मग काकूंकडे पाहून जरा कडक आवाजात म्हणाले, "कच्चं सूत दिलंय मालकानं."

त्यानंतर ते दर मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी लडी गुंडाळतात. आम्ही रात्री त्या पुन्हा उलगडतो, हे त्यांना सांगत नाही. यावर आमच्यात वाद आहे. सुभेदारांच्या मुलीचे म्हणणे असे की ही फसवणूक आहे आणि माणसाला खरे सांगावे. मी सुरुवातीला खरे सांगत असे. सासूबाईंना जाऊन अकरा वर्षे झाली, हे मी मामंजींना एका आठवड्यात चार वेळा सांगितले आणि चारही वेळा त्यांनी ते पहिल्यांदाच ऐकले. त्यानंतर मी सोडून दिले.

तर एका शनिवारी अडीच वाजता ते रिक्षात बसेनात. मजुरी मिळाल्याशिवाय कसे जायचे, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते बरोबरच होते, आठवड्याची मजुरी शनिवारीच मिळायची. मी पर्समधून दहाच्या पाच नोटा काढून पाकिटात घातल्या आणि मदतनिसाकरवी दिल्या. त्यांनी त्या थुंकी लावून मोजल्या, पुन्हा मोजल्या, एक नोट वेगळी काढली आणि परत केली. "उचलीतले कापलं नाहीस," ते मदतनिसाला म्हणाले. ती उचल कोणाची, किती आणि कोणत्या साली घेतलेली, हे नवऱ्यालाही माहीत नाही. तेव्हापासून पाकिटावर मी पूर्वीच्या खतावणीतल्या अक्षरात लिहिते: मजुरी पन्नास, उचल वजा दहा, हाती चाळीस. परवा त्यांनी ते पाकीट उजेडाकडे धरून सावकाश वाचले आणि विचारले, अजून किती राहिलेत. मी म्हणाले, थोडेच राहिलेत, मामंजी. "लिहून ठेव," ते म्हणाले आणि रिक्षात बसले.